चहापारखी आणि बांगड्याची सुशी

फार वर्षांमागे, जपान देशातील एका बंदरालगतच्या गावात, एका वृद्ध दांपत्याचे छोटेसे भोजनगृह होते. आसने अवघी सात. मधे लाकडाची लांब फळी. तिच्या अलीकडे पाहुणे, पलीकडे आजोबा. शिरका, म्हणजे आंबट व्हिनेगर, शिंपडलेल्या भाताचा बोटभर मुटका ते तळहातावर वळत, त्यावर ताज्या मासळीची चकती हलकेच दाबून बसवत आणि पाहुण्यापुढे ताटलीत ठेवत. या पदार्थाला तिकडे सुशी म्हणतात.

आजी चहा ओतत आणि नव्या पाहुण्याला घराचा एकमेव नियम सांगत, "पुढ्यात आलं की लगेच खायचं." नियम एकदाच सांगायचा, पाहुण्याला दोनदा शिकवू नये, अशी त्या घराची रीत होती.

एके दिवशी तेथे एक चहापारखी आला. बंदरातून परदेशी जाणाऱ्या चहाची प्रत ठरवणे, हे त्याचे काम. कढत चहात दोष लपतात; म्हणून तो पेला समोर ठेवून थांबे, वास घेई आणि चहा निवल्यावरच त्याला जीभ लावी. ही सवय त्याच्या हाडीमाशी खिळली होती.

आजींनी त्यालाही नियम सांगितला आणि आजोबांनी त्याच्यापुढे मिठात आणि शिरक्यात मुरवलेल्या बांगड्याची सुशी ठेवली. पारखी थांबला. त्याने ताटली फिरवून पाहिली, वास घेतला, डोळे मिटले. मग सावकाश घास घेतला.

"माझी आई हेच करायची," तो म्हणाला. "दूरच्या बेटावर आमचं घर होतं. आई गेली, घर गेलं. ही चव तिच्या चवीच्या अगदी दाराशी येते, पण आत येत नाही. काहीतरी उणं आहे, आजोबा."

"काय उणं आहे?"

"ते कळलं असतं, तर मी ती चव शोधत असा भटकलो असतो का?"

आजोबांनी ते मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरका बदलला. पारख्याने वास घेतला, वाट पाहिली, घास घेतला आणि मान हलवली. मग मीठ बदलले, तांदूळ बदलला. पलीकडच्या खाडीतला बांगडा आणवला. पारखी रोज सायंकाळी येई, शेवटच्या आसनावर बसे, आणि रोज मान हलवी.

"पारखीबुवा," एकदा आजी म्हणाल्या, "तुम्ही जेवायला येता की निकाल द्यायला?"

शेजारच्या आसनावरचा एक कोळी हसत म्हणाला, "आजी, यांच्या ताटलीतला बांगडा पुन्हा पोहायला लागेल, इतका वेळ हे बघत बसतात."

पारखी हसला नाही. "उणीव सापडल्याशिवाय चव कशी सापडेल?" तो म्हणाला. आजोबा फळी पुसत राहिले. त्यांना काही सुचत होते. परंतु दोनदा न शिकवण्याची रीत आड आली आणि ते बोलले नाहीत.

असे पाच हिवाळे गेले. पारख्याची ओढ मात्र जुनी झाली नाही. समुद्रावरून वारा सुटला की तो त्या बेटाच्या दिशेला तोंड करून उभा राही. आईचा चेहरा त्याला आता पुरता आठवत नसे. ती चव एकदा जिभेवर आली, तर तोही आठवेल, असे त्याला वाटे.

सहाव्या हिवाळ्याच्या तोंडाशी आजोबा त्याला म्हणाले, "बोटं वळेनाशी झाली आहेत. उद्याचा दिवस शेवटचा. परवा आम्ही लेकीकडे राहायला जाणार."

दुसऱ्या दिवशी पारखी पोहोचला तेव्हा बाकीचे पाहुणे जेवून निरोप घेऊन गेले होते. भांडी आवरून झाली होती. ताटल्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या होत्या. एका मुटक्यापुरता भात तेवढा उरला होता. आजोबांनी आखडलेल्या बोटांनी तो वळला, वर बांगडा बसवला. ठेवायचा कशात?

"हात पुढे करा," ते म्हणाले.

पारख्याने तळहात पुढे केला. घास हातावर आला, एका बाजूने सुटू लागला. तो सांडेल या भीतीने त्याने वास न घेता, न थांबता तोंडात टाकला.

आजींनी पुढे केलेला पेला त्याने घेतला नाही.

"आजोबा," त्याने विचारले, "आज काय घातलंत?"

"पहिल्या दिवशी होतं तेच. बाकीचे शोध मी केव्हाच सोडून दिले."

"मग ही चव आज कुठून आली?"

"आज तुम्ही ती निवू दिली नाहीत," आजी म्हणाल्या.

तेव्हा त्याला आठवले. आई चुलीपाशी बसून मुटके वळत असे आणि मागे न पाहता एकेक त्याच्या हातावर ठेवत असे. ताटली कधी नव्हतीच. तिच्या हाताची ऊब भातात असायची आणि ती विरण्याआधी घास पोटात गेलेला असायचा.

"आणखी एक द्या, आजोबा," तो म्हणाला.

आजोबांनी भाताचे भांडे कलते करून दाखवले. त्यात तळाशी चिकटलेली चार शिते होती.

वृद्ध दांपत्य दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेले. पारखी त्यानंतरही कधी सायंकाळी त्या बंद दारापाशी येऊन उभा राही. आता त्याला दोन चवींची ओढ लागली होती. एक दैवाने नेली होती. दुसरी पाच हिवाळे रोज त्याच्यासमोर ठेवली जात होती.

तात्पर्य: हरवलेल्या सुखाच्या मापाने समोरचे सुख तोलत बसणाऱ्याचे समोरचेही निवून जाते. घास पुढ्यात आला की आधी जेवावे. पारख मागाहून करता येते.