चौथ्या कोपऱ्याची सजावट

सरदार हैबतरावांनी नव्या दिवाणखान्यात झुंबरे, पुतळे आणि चिनी फुलदाण्या इतक्या दाटीने मांडल्या होत्या, की पाहुण्यांना उभ्याउभ्याच परतावे लागे. एकच कोपरा उरला होता. सजावटीचे वृद्ध दारोगा रखमाजी यांना त्यांनी फर्मावले, "कोणत्याही सरदाराकडे नाही असे काही तेथे मांडा. न जमल्यास चाकरी सोडा."

दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात केवळ साधे जाजम अंथरलेले होते.

"रखमाजी, हे काय मांडलेत?"

"मोकळी जागा, सरकार. तीस वर्षांत पुष्कळ सरदारांचे दिवाणखाने पाहिले. पुतळ्यांना सर्वत्र जागा आहे. माणसाला बसायला कोठेही नाही."

हैबतराव थबकले. मग जोडे काढून आपल्याच दिवाणखान्यात ते प्रथमच मांडी घालून बसले, आणि रखमाजींसाठी थोडे सरकले.