अक्काचं बस्कर

"मग तिच्याजवळ बसायचं कोणी, बाई?"

अक्काने हे तिसऱ्यांदा विचारलं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मला या घरात येऊन अडीच महिने झाले होते. बोलायची पाळी अजून आली नव्हती, म्हणून बघत होते.

शेटेबाई पावटे सोलत राहिल्या. एकोणतीस वर्षं त्यांनी शाळाशाळांतून फिरून वर्गात अडणाऱ्या, वेगळी मदत लागणाऱ्या मुलांना शिकवलं होतं. आता निवृत्त. तरी तालुक्यातल्या आया त्यांच्याच ओसरीवर येत.

अक्काची गौतमी दुसरीत. अक्षरं तिच्या वहीत टिकत नाहीत, आणि वर्गात गलका वाढला की ती कान झाकून बाकाखाली जाते. शाळेने सांगितलं होतं, आई बसणार असेल तर मुलीला बसवा, नाहीतर दुसरी शाळा बघा. विशेष शिक्षिका होत्या, पण अकरा शाळांत मिळून एक. आपल्याकडे गुरुवारी. त्यातले निम्मे गुरुवार मीटिंगला.

"तू काय करतेस तिथं?" बाईंनी विचारलं.

"व्हरांड्यात खिडकीशी बसते. दप्तर लावते. फळ्यावरचं लिहून देते. कुणी काही विचारलं तर खुणेनं सांगते." अक्का जरा ताठ झाली. "दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही."

"मग तुझी दुसरी इयत्ता चांगली चालली असेल."

मी पदर तोंडाला लावला. अक्काला हसू आलं नाही.

गौतमीच्या हातात एक शेंग होती. मघापासून तीच एक. ती नखाने शिवण शोधत होती...

अक्काने शेंग घेतली, फोडली, दाणे तिच्या ओंजळीत ठेवले.

बाईंनी ते पाहिलं.

"कशावर बसतेस शाळेत?"

"बस्कर आहे. जुन्या साड्यांचं, मीच शिवलेलं."

"सोमवारी बस्कर खिडकीशी टाक. आणि घरी जा."

"नाव काढून टाकतील तिचं."

"मुख्याध्यापकांना मी भेटते. गुरुवार कुठं जातो तेही विचारते."

"आणि बाकाखाली गेली तर?"

बाईंनी पुढची शेंग घेतली.

सोमवारी अक्का बस्कर टाकून आली. आमटीत मीठ दोनदा घातलं. चहा केला, स्वतःचा प्यायली, मग माझाही. फाटकापर्यंत किती वेळा गेली ते मी मोजलं नाही. कुत्र्याने मात्र उठून बसायचं सोडून दिलं.

साडेअकराला वर्गशिक्षिकेचा फोन.

"बाकाखाली गेलीय. दहा मिनिटं झाली."

अक्काने चपला घातल्या.

मी अडीच महिन्यांतलं पहिलं वाक्य बोलले. "अक्का, तुमची आमटी करपतेय."

करपत नव्हती. पण ती आत गेली, आणि तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. गौतमी आली बाहेर. स्वतःहून.

मंगळवारी फोन आला नाही. त्याने अक्काचे जास्त हाल झाले.

बुधवारी संध्याकाळी आम्ही शाळेत गौतमीला आणायला गेलो, तर खिडकीशी बस्कर नव्हतं. वर्गात चौकशी करून अक्का तशीच आम्हा दोघींना घेऊन शेटेबाईंकडे निघाली. चालत नव्हती, पळत होती.

"बस्कर गेलं, बाई."

"कुणी नेलं?"

"हिनंच. वर्गात नेऊन बाकाखाली अंथरलंय. गलका झाला की तिथं जाऊन बसते म्हणे. वही घेऊन."

"लिहिते?"

"दोन ओळी लिहिल्यात." अक्काने ते तक्रारीसारखं सांगितलं. "आणि एकटी नाही. ती परवीन आहे ना, मागच्या बाकावरची, तीही जाऊन बसते. तिलाही गलका सोसत नाही. दोघींचे पाय बाहेर येतात. मुख्याध्यापक म्हणाले, बाकाखाली बसायची पद्धत शाळेत नाही."

"मग?"

"वर्गशिक्षिका म्हणाल्या, राहू द्या."

पायरीवर गौतमी शेंगेची शिवण शोधत बसली होती. अक्काचा हात पुढे गेला...

...आणि परत आला. तिने तो मांडीखाली घातला. शेंग फुटायला फार वेळ लागला. एक दाणा घरंगळत गेला. गौतमी उठली, शोधून घेऊन आली.

"तीन दिवस झाले," अक्का हळू म्हणाली. "आई का येत नाही, असं एकदासुद्धा विचारलं नाही तिनं."

बाईंनी आणखी एक शेंग सोलली.

"आता मी काय करू, बाई?"

शेटेबाईंनी पावट्याच्या शेंगा ठेवलेलं सूप तिच्याकडे सरकवलं.

"दुसरं शिव," त्या म्हणाल्या. "जरा मोठं."