फूटपट्टीबाईंचा समेट

गोष्ट जुनी आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतली. कपाटात एक चुंबक आणि तारेचं वेटोळं राहत. चुंबक आत शिरू लागला की वेटोळं त्याला बाहेर ढकलायचं. तो निघाला की मागे ओढायचं. दिवसभर हीच कटकट. वेटोळ्याला जोडलेला इवलासा दिवा तेवढा मजेत पेटलेला असायचा.

शेवटी शिस्तप्रिय फूटपट्टीबाईंनी मध्यस्थी केली. “चुंबकराव, आत बसा. हलायचं नाही!” चुंबक बसला, वेटोळं निवलं. लगेच बाईंचा सत्कार जाहीर झाला, पण तोवर दिवा विझला होता.

“कोणी विझवला दिवा?” बाई गरजल्या.

“तुम्हीच, बाई. मी यांच्या कटकटीवरच पेटत होतो,” दिवा पुटपुटला.

“चांगल्या कामात विघ्न आणायची सवयच असते काहींना,” असं म्हणत बाई अंधारातच सत्काराला उत्तर द्यायला उभ्या राहिल्या.