साहेब झाला मुकादम

मी शेवंता, द्राक्षबागांना कामाला बाया पुरवणारी मुकादमीण. यंदा टोळी घेऊन कर्नाटकातल्या बागेकडं निघाले, तर सीमेच्या नाक्यावर तिथल्या कामगार खात्याच्या साहेबानं टेम्पो अडवला.

"तुझं लायसन महाराष्ट्राचं. इथं बाया कामाला लावायला आमचं लायसन पाहिजे."

"अर्ज तुमच्याच टेबलावर धूळ खातोय की, दिवाळीपासनं!"

"मग मंजूर होईस्तोवर बाया इथंच बसतील. माझा हुकूम आहे!"

तिकडं घड तोडणीला आलेले, इकडं बायांची रोजी बुडणार. माझं डोकंच फिरलं. आमच्यात रीत अशी, की टोळीला जो बसवून ठेवतो, त्यानंच तिला जेवू घालायचं; तोच तिचा मुकादम. मी हाक दिली, "उतरा गं! आजपासनं साहेब तुमचा मुकादम!"

बाया बोचकी घेऊन थेट त्याच्या नाक्यावरच्या कचेरीत शिरल्या. थोरली हौसाक्का म्हणाली, "मुकादम, चूल कुठं मांडू?"

साहेब किंचाळला, "मी कसला मुकादम?"

मी म्हणाले, "परराज्यातल्या बाया तुमच्या हुकमानं बसल्यात, म्हणजे तुम्हीच की! आता दाखवा, तुमचं लायसन कुठाय?"

हौसाक्कानं चुलीचा तिसरा दगड ठेवायच्या आत माझ्या अर्जावर शिक्का बसला.