डोळे काकूंचे, माप काकांचं

एकदा एका चष्मे करणाऱ्या म्हाताऱ्याने स्वतःच्या बायकोलाच धूसर जग दाखवलं. दोष सर्वस्वी त्याचा होता. स्वस्त खोक्याचा नव्हता, शिष्याचा तर नव्हताच, हे आधीच सांगून टाकतो.

बायको खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. तिच्या माहेरची पोफळीची बाग विकली गेली होती, आठवड्याभरात तुटणार होती. ती एकदा डोळे भरून बघावी, एवढीच तिची इच्छा. कॉलेज सोडून म्हाताऱ्याकडे काम शिकणारा शिष्य बागेचं चौफेर चित्रण करून आला, आणि मोबाइल आत बसवून डोळ्यांना लावायचा एक स्वस्तातला व्हीआरचा खोका घेऊन आला.

खोक्यात दोन भिंगं होती. वरच्या चक्रीने त्यांच्यातलं अंतर बदलायचं, बाजूच्या चक्रीने ती मोबाइलच्या जवळ किंवा लांब सरकायची. म्हाताऱ्याने खोका स्वतःच्या डोळ्यांना लावला, दोन्ही चक्र्या फिरवल्या आणि तसाच बायकोला चढवला.

"स्पष्ट दिसतंय ना?"

"हो, छान दिसतंय."

शिष्याला तो आवाज काही खरा वाटेना. "काकू, विहिरीच्या काठावर कोण बसलंय?"

"असेल कुणीतरी गडी."

"तुमचा भाऊ आहे तो. हात हलवतोय."

"स्वस्तातली वस्तू. एवढंच दिसायचं," म्हातारा म्हणाला.

"वस्तूला कशाला नावं ठेवता, काका? तुम्ही ती तुमच्या डोळ्यांना बसवलीत. आणि काकू, तुम्ही तरी खोटं का बोललात?"

"अरे, ह्यांनी केलेला चष्मा घालूनही मी हेच म्हणत आलेय. एवढ्या मायेनं करतात, नाही कसं म्हणायचं?"

म्हाताऱ्याने दोन्ही चक्र्या मूळ जागी आणल्या, खोका बायकोच्या हातात दिला आणि स्वतःचे तळहात मांडीखाली दाबून बसला.

"आधी एकेक डोळा मिटून झावळीची पाती सुटी दिसेपर्यंत बाजूची चक्री फिरव. मग दोन्ही उघड, आणि दोन झाडांचं एक होईपर्यंत वरची चक्री फिरव. मी हात लावणार नाही."

पाऊण तास गेला. शिष्य कुजबुजला, "काका, तुम्ही मिनिटात लावून द्याल."

"मघाशी तेच केलं."

एकाएकी ती हसली. "दादानं केस काळे केलेत. या वयात." मग हळूहळू मान वळवत एकेक झाड बघत राहिली.

म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "बाळ, जन्मभर मी गिऱ्हाइकाला 'दिसतंय ना' म्हणालो. तो प्रश्न नव्हताच, मी होकार मागत होतो. वडीलधाऱ्याने मागितलेला होकार माणसं देऊन टाकतात, आणि धूसर बघत घरी जातात. तू विचारलंस, कोण बसलंय. तसं विचारायला हवं होतं."

कुणी वडीलधारा स्वतःची चूक कबूल करताना शिष्याने पहिल्यांदाच ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याने जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून नव्याने डोळे तपासायला घेतले. पेठेत बोभाटा झाला. अचूक चष्मेवाला हा त्याचा लौकिक त्यात गेला.