मुशीच्या तेलाची उतरण

नांदखोलच्या खाडीकाठी काळ्या दगडांची रुंद उतरण आहे. गलबतं तिथंच बांधायची आणि तिथूनच पाण्यात सोडायची. तिला मासळीचा उग्र वास येतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात, तेव्हा म्हातारे दत्ताराम मेस्त्री म्हणतात, "थांबा, वासाचंच सांगतो."

त्यांच्या घराण्यातल्या विश्राम सुतारानं तीन वर्षं खपून इथलं पहिलं मोठं गलबत बांधलं, असं सांगतात. माघी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या भरतीत ते लोटायचं ठरलं. आदल्या दिवशी धाकू कोळीण मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचं मडकं घेऊन आली. तिच्या होडीला वर्षभर चोपडायचं तेल होतं ते. गलबत ज्यांवरून सरकायचं त्या उतरणीवरच्या ओंडक्यांना हे लावा, म्हणाली. विश्रामनं नको म्हटलं. गलबताची पूजा व्हायची होती. देवीपुढे हा वास कशाला? त्यानं संध्याकाळी ओंडक्यांना चांगलं घाण्याचं खोबरेल लावलं.

रात्री कडाक्याची थंडी पडली म्हणे. खोबरेल मेणासारखं थिजलं. पन्नास माणसांनी दोर ओढले, पण गलबत अर्ध्यावर अडलं. निम्मं पाण्यात, निम्मं दगडावर. भरती पुरी झाली होती. पाणी ओसरलं की तसं लटकलेल्या गलबताचा कणा मोडणार, हे विश्रामला कळत होतं. तो नखांनी ओंडके खरवडू लागला. कोळीवाड्याकडे मान वळवायचीही त्याला लाज वाटत होती.

तेवढ्यात धाकूच आली. डोक्यावर तेच मडकं, मागे कोळीवाड्यातल्या बाया, प्रत्येकीच्या हातात घरातलं होतं नव्हतं ते तेल.

"मेस्त्री, नाक धरा नि बाजूला व्हा."

तिनं मडकं उपडं केलं. गलबत हललं, सरकलं आणि पाण्यावर जाऊन डुलायला लागलं.

विश्रामनं ओंडक्यावरचं तेल बोटावर घेतलं आणि कपाळाला लावलं. तसाच पूजेला निघाला.

"देवी घेईल हो समजून," धाकू म्हणाली. "बायको घरात घेते का बघा."

त्या वर्षी धाकूच्या होडीला तेल उरलं नाही. विश्राम जिवंत असेपर्यंत तिच्या होडीची दर पावसाळ्याआधी त्यानंच डागडुजी करून दिली, म्हणे.

आता होड्या फायबरच्या झाल्या, चाकांच्या गाड्यावरून उतरतात. तेलाची गरज उरलेली नाही. तरी आजही होडी पाण्यात जायच्या दिवशी दत्ताराम मेस्त्री आधी कोळीवाड्यात जातात, धाकूच्या घराण्यातल्या सुनेच्या दारात उभे राहतात आणि कपाळ पुढे करतात.