राणी वसुमती आणि तीन कथाकार

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता आणि त्याला खोट्याचा भारी तिटकारा. "जे घडलेच नाही ते लिहिणारे सगळे लबाड," असे म्हणून त्याने दरबारातले तिन्ही कथाकार हाकलून दिले. त्यांच्या गोष्टी ऐकूनच एका मांत्रिकाचे पोट भरत असे. तो उपाशी पडला आणि चिडून त्याने शाप दिला. राजकन्या चारुलेखा पायांपासून दगड होऊ लागली.

राणी वसुमती रडत नदीकाठी गेली. तिथला चक्रवाक पक्षी बोलला, "राणी, त्या तिघांच्या गोष्टी ऐकशील तर लेक वाचेल. पण आज्ञा करू नकोस. आधी त्यांच्या कामाला हात लाव."

पहिला कथाकार नागदत्त मिठागरात राबत होता. राणीने त्याच्यासोबत मीठ ओढले. तळहात सोलवटून निघाले. दुसरी मंदारिका सुईण झाली होती. राणीने पाणी तापवले, नुकते जन्मलेले बाळ पुसून आईच्या कुशीत दिले. दोघेही राणीबरोबर निघाले.

तिसरा विश्वावसू स्मशानात चिता रचत होता. राणीने लाकडे वाहिली. तरी तो म्हणाला, "राणीसाहेब, बायको गेली तेव्हापासून मला गोष्ट सुचत नाही."

"तिला सांगायची राहिली असेल, ती सांगा."

विश्वावसूने हातातले लाकूड चितेवर ठेवले. मग खांद्यावर घोंगडी टाकून तोही निघाला.

महालात पोचले तेव्हा दगड राजकन्येच्या गळ्याशी आला होता. नागदत्ताने समुद्राच्या मुलीची गोष्ट सांगितली. पावले ऊन झाली. मंदारिकेने जन्माला यायला घाबरणाऱ्या बाळाची सांगितली. काळीज धडधडू लागले. विश्वावसूने, बायको वारल्यावरही रोज दोन पाने मांडणाऱ्या विणकराची सांगितली. एके दिवशी त्या दुसऱ्या पानावर एक अनोळखी भुकेली पोर येऊन बसली.

राजकन्येच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. "मग त्याने तिला वाढले का हो?"

"वाढले, बाळ. पोटभर."

शाप तुटला. दाराशी उभा राहून गोष्टी ऐकणारा मांत्रिक तृप्तीचा ढेकर देऊन निघून गेला.

राजाने डोळे पुसले. "हे सारे कुठे घडले?"

"कुठेच नाही, महाराज," नागदत्त म्हणाला.

"तरी माझी लेक बोलते आहे," असे म्हणून राजा तिघांपुढे वाकला. "महालात राहा."

"नको, महाराज. मिठागर सोडले तर माझ्या गोष्टी अळणी होतील."

तिघे आपापल्या कामाला परतले, लिहीतही राहिले. आणि त्या राज्यात नव्या धान्याची पहिली ओंजळ कथाकाराच्या घरी जाऊ लागली. ती राजा स्वतः पोचवी, अनवाणी चालत.